गुरांच्या कोटीपोटांतील जंतु व चाऱ्याचें पचन

कळंब तालुक्यांतील पुष्कळ गुरें वर्षाचे कित्येक महिने ज्वारीच्या कडब्यावर व सोयाबीन-तुरीच्या गुळीवर काढतात. या चाऱ्यानें पोट भरतें, परंतु तो अंगीं लागत नाहीं, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तिचें कारण आपण चाऱ्यांत शोधतों. तें जनावराच्या पोटांतहि शोधलें पाहिजे. कडबा पचवितो कोण, हें नीट समजलें म्हणजे तो अधिक पचावा यासाठीं काय करावें, हेंहि ध्यानांत येतें.

गाय, बैल, म्हैस किंवा शेळी यांच्या स्वतःच्या पाचकरसांत कडब्याचे तंतु फोडण्याचें सामर्थ्य नाहीं. तें काम कोटीपोटांत राहणारे सूक्ष्म जंतु करतात. तेथील रसाच्या एका थेंबांत असे कोट्यवधि जंतु असतात. तंतु आंबवून ते जीं सौम्य आम्लें तयार करतात, त्यांतूनच जनावरास बहुतेक शक्ति मिळते. पुढें हे जंतु खऱ्या पोटांत जाऊन स्वतः पचतात, आणि त्यांच्या अंगचें प्रथिन जनावराच्या कामीं येतें. तात्पर्य, गव्हाणींत आपण जी वैरण टाकतों, ती प्रथम या जंतूंची असते. गुरांस मिळतें तें त्यांच्या हातून.

मग हे जंतुच बदलून दुसरे चांगले आणतां येतील काय? याविषयीं दोन उदाहरणें मनन करण्याजोगीं आहेत.

पहिलें सुबाभळीचें. उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं इ. स. १९६७ सालीं स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेनें पुढील दशकांत या झाडाचा पुष्कळ प्रसार केला. याचा पाला प्रथिनानें समृद्ध. परंतु त्यांत मिमोसिन नांवाचें द्रव्य असतें. कोटीपोटांत त्याचें रूपांतर होऊन जो विषारी पदार्थ बनतो, तो गळ्यांतील ग्रंथि बिघडवितो. ऑस्ट्रेलियांत हा पाला फार खाणाऱ्या गुरांचे केस गळत व वजन घटे. हवाई बेटांतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. तेव्हां रेमंड जोन्स या शास्त्रज्ञांनीं असें अनुमान केलें कीं, तेथील शेळ्यांच्या पोटांत हें विष खाऊन टाकणारा एखादा जंतु असला पाहिजे. इ. स. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते जंतु ऑस्ट्रेलियांतील जनावरांच्या पोटांत सोडण्यांत आले, आणि तीं जनावरें सुबाभूळ निर्धास्तपणें खाऊं लागलीं. इ. स. १९९२ मध्यें त्या जंतूस जोन्स यांच्या सन्मानार्थ 'सिनर्जिस्टिस जोन्सी' असें नांव मिळालें.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें पॉल वायमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन गाईंच्या कोटीपोटांतील जवळजवळ सर्व ऐवज परस्परांत बदलून पाहिला. त्याचा वृत्तांत इ. स. २०१० सालीं प्रसिद्ध झाला. चारा तोच होता. कांहीं आठवड्यांत गाईंच्या पोटांतील जंतूंचा समुदाय पुष्कळसा आपल्या मूळ वळणावर आला.

एकीकडे मूठभर पाहुणे कायमचे राहिले, आणि दुसरीकडे पोटभर पाहुणे टिकले नाहींत, असें कां व्हावें? सुबाभळीच्या जंतूस, दुसरे कोणी खात नाहीं असें स्वतःचें अन्न रोज मिळत होतें. गाईंच्या नव्या जंतूंस तसें कांहींच नव्हतें. म्हणजे जंतु आणणें माणसाच्या हातीं असलें तरी ते टिकविणें चाऱ्याच्या हातीं आहे. यावरून शेतकऱ्यानें पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, जंतूंस उपाशी ठेवूं नये. नुसत्या कडब्यांत प्रथिन इतकें थोडें असतें कीं, तंतु फोडणारे जंतु नीट वाढत नाहींत. म्हणून कडब्याच्या जोडीस लसूणघास किंवा थोडी पेंड द्यावी. सुबाभूळ देणें झाल्यास ती हळूहळू वाढवावी व एकंदर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊं नये. तें न साधल्यास १०० किलो कोरड्या कुट्टीस ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरानें शिंपडावा, कुट्टी दाबून हवाबंद झांकावी, तीन आठवड्यांनीं उघडून वास उडाल्यावर थोडथोडी घालावी. युरिया तोलूनच घ्यावा. त्याचें पाणी गुरांच्या तोंडीं लागल्यास प्राणघातक होतें. सहा महिन्यांच्या आंतील वासरांस व घोड्यास असा चारा देऊं नये.

दुसरी, चारा एकदम बदलूं नये. इ. स. २०१३ व २०१९ सालच्या दुष्काळांत मराठवाड्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, आणि कडब्याच्या गुरांस उसावर राहण्याची पाळी आली. अशा वेळीं नवीन चारा पहिल्या दिवशीं चौथाई घालावा व दोन आठवड्यांत पुरा करावा. तेवढ्या अवधींत नव्या चाऱ्याचे जंतु वाढतात.

तिसरी, खळ्यावरील ज्वारीच्या राशीपाशीं जनावर मोकळें सोडूं नये. एकाएकीं भरपूर दाणा पोटांत गेला तर आम्ल करणारे जंतु माजतात, तंतु फोडणारे मरतात, आणि धष्टपुष्ट बैलहि एक-दोन दिवसांत दगावतो. असें घडल्यास घरगुती औषधांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें.

बाजारांत हल्लीं जंतूंच्या व यीस्टच्या पुड्या मिळतात. दुभत्या जनावरास त्यांतील कांहींचा थोडाफार गुण येतो. परंतु ज्या गव्हाणींत प्रथिनाचा दुष्काळ आहे, तेथें पुडीवरील पैसा वायां जाणार. आधीं तोच पैसा हिरव्या वैरणीच्या चार वाफ्यांवर खर्चावा, असें आम्ही सुचवितों.