आधी साइट, मग हेडसेट

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा रात्री जागून युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर थ्रीडी इमारती उभ्या करतो, तेव्हा ‘हा गेमच खेळत बसलाय’ असं पालकांना वाटणं साहजिक आहे. पण त्याला स्लॅबचं ड्रॉइंगही वाचता येत असेल, तर काळजी थोडी आवरा.

ही दोन्ही कौशल्यं बांधकामाच्या सुरक्षेत एकत्र कामी येतात. मिक्स्ड रिॲलिटीच्या चष्म्यातून समोरची खरी साइट दिसते आणि तिच्यावर संगणकातलं चित्र नेमक्या जागी बसतं. टॉवर क्रेनचा हात कुठवर फिरेल, उद्याच्या स्लॅबमध्ये डक्टचं भोक कुठे उघडं राहील, हे आजच दिसतं. मुंबई-पुण्यातल्या साइटवर सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षा सूचनांना, बिहार, बंगाल, ओडिशाचे कामगार एकत्र उभे असतात. सेफ्टी ऑफिसर हिंदीत बोलतो, सगळे माना डोलावतात. कुणाला किती कळलं, देव जाणे. तेच भोक चष्म्यातून पायाशी दाखवलं की माणूस आपोआप मागे सरकतो. बांधकामावर उंचावरून पडूनच सर्वाधिक बळी जातात, म्हणून हे दाखवणं मोलाचं.

मात्र चष्मा लावून कुणाला परांचीवर चढवू नये. त्याने आजूबाजूचं भान सुटतं. त्याची जागा काम सुरू होण्याआधी, जमिनीवर. हे ज्याला उमगतं तोच या कामात टिकेल. नुसतं कोडिंग येणारे पुष्कळ मिळतात.

म्हणून पाया सिव्हिलच्या डिप्लोमाचा किंवा पदवीचा. सोबत रेव्हिट, नेव्हिसवर्क्स ही इमारतींच्या मॉडेलची सॉफ्टवेअर आणि युनिटीसाठी सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा. पुढे साइटवर काही वर्षं काढून औद्योगिक सुरक्षेची पदविका. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत ती शिकवतात. 1998च्या केंद्रीय नियमांत 500 कामगारांच्या बांधकामाला सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा 250वर आणली. नोकरीचा भक्कम आधार हा आहे, चष्मा ही वरची जोड.

एकाच यंत्राच्या कोर्सवर लाखभर रुपये उधळू नका. हेल्मेटला जोडलेला होलोलेन्स हा असाच चष्मा बांधकाम क्षेत्रात बराच गाजला. पण 2024मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2चं उत्पादनच थांबवलं. थ्रीडी मॉडेलिंगचं ब्लेंडर फुकट आहे, युनिटीची प्राथमिक आवृत्तीही. सरावाला ऑगमेंटेड रिॲलिटी चालणारा अँड्रॉइड फोन पुरतो.

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा: विद्यार्थ्यांना चालू साइटवर किती वेळा नेता, आणि तिथे त्यांना कामगारांशी कोण बोलायला लावतं?