आधी वही, मग स्वभाव

अमेरिकेतला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे. दुखापतीची पहिली तपासणी, टेपिंग, पुनर्वसन, नोंदी हे सगळं त्याच्याकडे असतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये हा आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्य केला. काम आवडतं पण नोकरीत मन रमत नाही, असं झालं तर खोट स्वभावात आहे की नोकरीत, हे तपासायची ही कृती.

सीझनमध्ये दोन आठवडे वही ठेवा. रोज दोन-तीन ओळी पुरतात, पण ‘खूप काम होतं’ असं मोघम लिहू नका. ‘सरावाआधी बारा घोटे टेप केले, मजा आली. कोचने विचारलं, शुक्रवारी खेळेल ना? पोटात गोळा आला.’ असं लिहा.

सीझन संपला, झोप भरून निघाली, की स्वभावाची प्रश्नावली भरा. मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांची ५० विधानांची मोफत मिळते. स्वभावाचे पाच पैलू, प्रत्येकाची दहा विधानं. कसं असायला हवं ते नव्हे, कसे आहात ते भरा. उलट्या, म्हणजे त्या पैलूच्या विरुद्ध अर्थाच्या विधानांचे गुण फिरवायचे, म्हणजे १ चे ५, २ चे ४. हे राहिलं तर अख्खा हिशेब फसतो.

त्याच आठवड्यात पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची नोकरी-समाधानाची प्रश्नावली भरा. विधानं ३६, बाजू नऊ: पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी, कामाचं स्वरूप वगैरे. इथेही उलटी विधानं आहेत. एका बाजूला ४ ते २४ गुण पडतात. १२ पर्यंत नाराजी, १६ पासून पुढे समाधान. बेरजेवर जाऊ नका. कामाला २२ आणि पगाराला ७ मिळाले, तर बेरीज दोन्ही लपवते.

आता वही आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. स्वभावावर किती भार टाकायचा, याचा अंदाज आधी घ्या: निरनिराळ्या व्यवसायांवरच्या अभ्यासांचा जज, हेलर आणि माउंट यांनी २००२ मध्ये एकत्र हिशेब मांडला. समाधानाशी भावनिक अस्थिरतेचा संबंध उणे ०.२९ निघाला, बहिर्मुखतेचा ०.२५, कर्तव्यदक्षतेचा ०.२६, मनमिळाऊपणाचा ०.१७, नव्याच्या ओढीचा जेमतेम ०.०२. ०.२९ चा वर्ग केला तर आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे समाधानातल्या फरकाचा एवढाच वाटा त्या पैलूशी जुळतो. म्हणून ‘तुझा स्वभावच असा’ म्हणणाऱ्या वरिष्ठाचं मी तरी फारसं मनावर घेणार नाही.

मनमिळाऊ माणसाची अडचण वहीत हमखास सापडते. डोक्याला मार बसल्याचा संशय असेल तर खेळाडूला त्या दिवशी परत मैदानात सोडायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोच, आईबाप आणि खेळाडू तिघंही समोर उभे असताना ‘नाही’ म्हणणं अशा माणसाला जड जातं. त्यासाठी स्वभाव बदलायची गरज नाही. टीमच्या डॉक्टरांच्या सहीचा लेखी नियम सीझनआधीच कोचच्या हाती द्या, म्हणजे वाद त्या कागदाशी होईल. कर्तव्यदक्ष माणूस नोंदींसाठी रात्री थांबतो. त्याने नोंदींची वेळ ड्यूटीतच मागून घ्यावी. अबोल माणसाने बसच्या दौऱ्यांऐवजी सकाळचं पुनर्वसन मागून पाहावं.

बदल एका वेळी एकच करा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात स्पेक्टरची प्रश्नावली पुन्हा भरा. बाकी सुधारलं आणि पगार नि वरिष्ठ १२ च्या खालीच राहिले, तर दवाखाना, कारखाना, सैन्यदल अशा ठिकाणीही ट्रेनर लागतात. तिथे अर्ज करा. स्वभावाचा निकाल मात्र अर्जाला जोडू नका.