माशाची भीती कशी मोजतात?

मुलांनो, पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात रानशेत नावाचे गाव आहे. पावसाळ्यात अशा गावांच्या भातखाचरांजवळून ओहोळ वाहतात. त्यांत लहान लहान मासे दिसतात. तुमची सावली पाण्यावर पडली, की ते चटकन पळतात. आपण म्हणतो, "मासे घाबरले!" पण किती घाबरले? माशाला तर विचारता येत नाही. मग हे कसे कळावे?

शास्त्रज्ञांनी यासाठी एक युक्ती शोधली आहे. तिच्यासाठी ते झेब्रा मासा निवडतात. हा मासा आपल्याच देशातला. ओढे, तळी आणि भातशेते हे त्याचे घर. लांबी जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटर. अंगावर निळे पट्टे. सन 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर अभ्यास झाला आहे.

आता युक्ती पाहा. माशाला काचेच्या नव्या टाकीत सोडतात. टाकीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग मानतात. नव्या जागी मासा आधी तळाशी जातो. भीती ओसरली, की हळूहळू वर येतो. साधारण 6 मिनिटे कॅमेरा चालू ठेवतात. मासा प्रथम वर कधी आला? किती वेळा आला? किती वेळ एका जागी निश्चल राहिला? हे सारे मोजून लिहितात. उशिरा वर येणारा मासा अधिक घाबरलेला असावा, असा अंदाज करतात.

पण एकाच आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही. आजारी मासाही तळाशीच राहतो. म्हणून अनेक मासे आणि अनेक खुणा तपासतात. ताण आला, की माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. माशाच्या शरीरातही तेच वाढते. तेही मोजतात. त्यामुळे माणसाची चिंता कमी करणाऱ्या औषधांच्या अभ्यासात हा छोटा मासा उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जाळीने ओढाताण केली, आवाज केला, पाणी घाण ठेवले, तर मासा त्यानेच घाबरतो. मग मोजमाप खोटे ठरते. म्हणजे माशाला जपणे ही केवळ दया नव्हे, तो प्रयोगाचाच भाग आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देऊ नयेत, असे आपल्या देशाचा 1960 चा कायदाही सांगतो.

तुम्हीही मोठ्या माणसांबरोबर ओहोळाकाठी जा. मासे पकडू नका. सावली पडल्यावर पळालेले मासे किती वेळाने परततात, ते मोजा. एकदा नव्हे, दहा वेळा मोजा.

शब्दार्थ : ओहोळ – लहान ओढा. निश्चल – न हलणारा. ओसरणे – कमी होणे. यातना – फार दुःख.

प्रश्न :
1. नव्या टाकीत मासा आधी कोठे जातो?
2. एकाच आकड्यावर विश्वास का ठेवू नये?
3. माशाला जपणे हा प्रयोगाचा भाग कसा?