भंगारातलं सोनं

पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफांची दुकानं आहेत. सोनाराच्या दुकानातला केर वाया जात नाही. तो झारेकरी विकत घेतो. केर धुतो, आटवतो आणि त्यातून सोन्याचे कण काढतो. केराचीही पारख असते बरं का!

आता दुसऱ्या एका केराची पारख शिकू या. बंद पडलेला मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्ही शेवटी भंगारात जातो. त्याच्या आत एक पातळ पाटी असते. तिच्यावर बारीक बारीक भाग डाखाने बसवलेले असतात. तिला बोर्ड म्हणतात.

बोर्डात सोनं असतं का? असतं. सोनं गंजत नाही. म्हणून नाजूक जोडांवर त्याचा मुलामा देतात. पण तो किती? पुष्कळदा केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ! एक ग्रॅम सोन्याला तीस-चाळीस मोबाइल लागतात. तरी हे थोडं नव्हे. चांगल्या खाणीतल्या एक टन दगडात पाच-सहा ग्रॅम सोनं मिळतं. एक टन जुन्या मोबाइलांत सुमारे 300 ग्रॅम असतं. 2021 साली जपानात टोकियो ऑलिंपिक झालं. तिथली सगळी पदकं लोकांनी दिलेल्या अशाच जुन्या यंत्रांच्या धातूंची होती.

मग पारख कशी करायची? आम्ही आधी रंगावर गेलो आणि फसलो. हिरवा बोर्ड तेवढा चांगला, असं वाटलं. तसं नाही. बोर्डावर काय बसवलं आहे ते बघा.

मोबाइलचे बोर्ड पहिल्या ढिगात ठेवा. कॉम्प्युटरची रॅम म्हणून एक छोटी पट्टी असते, तीही त्यातच. तिच्या कडेला पिवळे दात ओळीनं दिसतात. तो सोन्याचा मुलामा. कॉम्प्युटरचा मोठा बोर्ड दुसऱ्या ढिगात. टीव्ही, मिक्सर, चार्जर यांचे बोर्ड तिसऱ्या. ते बहुधा तपकिरी असतात. वर मोठाले भाग, तांब्याची वेटोळी, लोखंड. वजन भरपूर, सोनं जवळजवळ नाहीच.

हे तीन ढीग एकत्र झाले की काट्यावर सरसकट एकच भाव लागतो, आणि तो बहुधा तिसऱ्या ढिगाचा! पहिल्या ढिगाचा पैसा असा हातचा जातो.

कोणी म्हणेल, मग घरीच तेजाबात टाकून सोनं काढू. मुळीच नको. तेजाबाच्या वाफेनं छाती जळते. उरलेलं पाणी ओतलं की विहीर नासते. बोर्ड जाळला तर विषारी धूर होतो. जुन्या डाखात शिसं असतं. ते पोरांच्या मेंदूला बाधतं. शिवाय घरी निम्मं सोनं हाती लागत नाही ते नाहीच. हे काम नोंदणी केलेल्या कारखान्याचं. 1 एप्रिल 2023 पासूनचा सरकारी नियमही तेच सांगतो. फुगलेली बॅटरी तर ठोकू नका, भोसकू नका. ती पेट घेते.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. जसा माल निवडला तसा दाम. नावातच सगळं आलं. बोर्डाचंही तेच आहे. विकायला जाल तेव्हा तिन्ही ढीग तीन पोत्यांत न्या. प्रत्येकाचा भाव आधी विचारा. दोन ठिकाणी विचारा. मगच पोतं काट्यावर ठेवा, आणि काट्याचा आकडा स्वतः वाचा.