प्रतीक्षेचे नियोजन

संगणकाच्या कामाचे दोन भाग पडतात: गणन आणि प्रतीक्षा. गणन करताना प्रक्रियक खरोखरच राबत असतो. परंतु दूरच्या संगणकाकडे माहिती मागितल्यानंतर उत्तर येईपर्यंत त्या आज्ञावलीपुरते त्याला काहीच काम नसते. हा रिकामा वेळ वाया जाऊ न देणे, हेच असमकालिक आज्ञावलीचे प्रयोजन होय.

एक उदाहरण घेऊ. एका आज्ञावलीला तीन ठिकाणांहून माहिती हवी आहे. उत्तरे येण्यास अनुक्रमे ३, २ आणि ४ सेकंद लागतात. एक उत्तर हाती आल्यावरच पुढची मागणी पाठविली, तर एकूण ९ सेकंद जातात. तिन्ही मागण्या आधी पाठवून मग एकत्र वाट पाहिली, तर सर्वांत संथ उत्तराइतकाच, म्हणजे सुमारे ४ सेकंदांचा वेळ पुरतो. चुलीवर डाळ शिजत ठेवून कणीक मळणारी गृहिणी नेमके हेच करीत असते.

पुढे यावयाच्या अशा उत्तराला ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, हे नाव १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी सुचविले. जावास्क्रिप्ट भाषेच्या २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत ‘प्रॉमिस’ आणि अनेक वचनांची एकत्र वाट पाहणारे ‘ऑल’ हे साधन समाविष्ट झाले. पायथन भाषेत ‘गॅदर’ तेच कार्य करते. नवशिका मात्र प्रत्येक मागणीपुढे लगेच ‘अवेट’ लिहितो. आज्ञावली बिनचूक चालते. पण ९ सेकंदच घेते.

तीनपैकी एक मागणी फसली तर? ‘ऑल’ पहिल्या अपयशासरशी अपयश कळविते. उरलेली कामे मात्र थांबत नाहीत. त्यांपैकी एखादे काम पैसे वळते करण्याचे असेल, तर ‘फसले’ असा निरोप मिळूनही पैसे गेलेले असू शकतात. प्रत्येक कामाचा निकाल हवा असेल, तेथे २०२० च्या आवृत्तीतील ‘ऑलसेटल्ड’ वापरावे. पायथनमध्ये २०२२ साली आलेला ‘टास्कग्रुप’ एक काम फसताच उरलेली कामे रद्द करू पाहतो; तथापि दूरच्या संगणकाने आधीच पार पाडलेले काम त्यामुळे उलटत नाही.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हजारो मागण्या एकदम पाठविल्यास समोरचा संगणक कोलमडतो. म्हणून एका वेळी किती मागण्या चालू ठेवावयाच्या, यावर बंधन घालावे. त्यासाठी एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ‘सेमाफोर’ची कल्पना आजही उपयोगी पडते. तसेच काम निव्वळ गणनाचे असेल, तर या पद्धतीने वेळ वाचत नाही. वाचते ती केवळ प्रतीक्षा; श्रम नव्हेत.