हुल्लडीच्या रात्री: भाचीसाठी पत्र

तमाशातला सगळा गलका म्हणजे हुल्लड नव्हे. शिट्टी, उडालेली टोपी, हवेत भिरकावलेला फेटा, 'वन्स मोअर'चा धोशा ही दाद आहे, आणि लावणी ती मागूनच घेते. लावणीतली बाई समोरच्याकडे पाहते, त्याला लाडीगोडी लावते, लटके रागावते. मग समोरून उत्तर येणारच. हुल्लड निराळी. दाद समेवर येते, हरकतीच्या जागी येते. हुल्लड केव्हाही येते, आणि तिचा रोख गाण्यावर नसतो, एका बाईवर असतो. हा फरक नाचणारीच्या आधी ढोलकीवाल्याला कळतो, कारण त्याचे हात तालात गुंतलेले असले तरी डोळे मोकळे असतात.

हे लिहून काढायला कारण घडले आहे. एका जत्रेची बातमी दोन फडांतून फिरत घरी पोहोचली. बावीस वर्षांच्या एका कलावतीने लावणी अर्ध्यावर टाकली, रंगमंचाच्या फळ्यांवरून खाली उडी मारली आणि गर्दीत शिरून एकाची कॉलर धरली. कोणी म्हणते थोबाडीत दिली, कोणी म्हणते हात उगारला तेवढ्यात मागे साथ करणाऱ्या झीलकऱ्यांनी ओढून वर घेतले. पाय मुरगळला एवढे नक्की. ती कलावती कोण, हे पत्र ज्या घरात उघडले जाईल तिथे सांगायला नको. तिच्या आत्याला थोबाडीत दिल्याची काळजी नाही. काळजी उडीची आहे.

ढोलकी फडाचा खेळ दोन तऱ्हांनी लागतो. तिकिटाचा खेळ कनातीच्या आत होतो. दारावर माणूस असतो, झिंगलेल्याला बाहेर ठेवता येते, आणि पैसे मोजून बसलेला प्रेक्षक शेजाऱ्याला आपणच गप्प करतो. सुपारीचा खेळ गाव ठरवते. चैत्राच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरते, विसार हातावर पडतो. हा खेळ उघड्या मैदानात आणि फुकट. दारच नाही, म्हणून दारावर माणूस नाही. संगीत बारीची बैठक ही वेगळीच तऱ्हा. तिथे माणसे मोजकी, पण अंतर हातभर. त्रास असतो तो दौलतजादा, म्हणजे बक्षिसी, देताना मनगट न सोडणाऱ्याचा. त्याविषयी घरातल्या थोरल्या बायकांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. इथे विचार करायचा तो सुपारीच्या खेळाचा, कारण उडी तिथे पडली.

सुपारीच्या खेळात हुल्लड का उठते, याची कारणे बहुतेक वेळा नाचणाऱ्या बाईच्या बाहेरची असतात. गावात दोन गट असतात आणि वर्षभराचे वैर जत्रेच्या रात्री तमाशाच्या मैदानात निघते. पुढे बसायचे कोणी, यावरून पहिली ढकलाढकल होते. मग फर्माईश: एका गटाला सिनेमाचे गाणे हवे, दुसऱ्याला वग सुरू व्हायला हवा. त्यात घड्याळाची भर: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पूर्वी गण, गवळण, बतावणी करत वग पहाटेपर्यंत चाले आणि तांबडे फुटताना लोक घरी जात. आता पोलिस घड्याळ दाखवतात, वग अर्ध्यात तुटतो, आणि लांबून चालत आलेल्या माणसाचा राग फडावर निघतो. दगड बहुधा याच घडीला येतो. तो कुणा एका कलावतीला मारलेला नसतो, पण लागतो तिला.

एवढी कारणे असूनही दोष बाईच्या पदराला बांधायची रीत जुनी आहे. तमाशात स्त्रीचे काम आधी नाच्या पोऱ्या करी. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहिली तेव्हा लोक तिला पाहायला लोटले, आणि तिला बोल लावणारेही त्याच गर्दीतले होते. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली ती संहिता तपासून घेण्याच्या आणि अश्लीलता टाळण्याच्या अटींवर. अटी सगळ्या रंगमंचावरच्यांसाठी होत्या. कनातीत बसणाऱ्याने कसे बसावे याची अट कुणी घातली नाही. भाचीने ज्याची कॉलर धरली त्याच्याविषयी या पंधरवड्यात एक शब्दही ऐकू आलेला नाही; चर्चा सगळी तिच्या उडीची. आत्यानेही या पत्रात आधी काळजी केली ती उडीचीच, हे इथे नोंदले पाहिजे.

हुल्लड हाताळायची साधने तमाशाच्या बांधणीतच आहेत. पहिले साधन सोंगाड्या. गवळणीत तो पेंद्या होऊन मावशीशी भांडतो, तेव्हाच गर्दीतला तोंडाळ माणूस कुठे बसला आहे हे हेरून ठेवतो. पहिली आरोळी सोडून द्यावी. दुसरी आली की ती सोंगाड्याने झेलावी, बाईने नव्हे. त्याचे उत्तर असे असावे की आरोळी मारणारा सोडून बाकी सगळे हसतील, आणि तोही शेवटी हसेल. त्याच्या कपड्यावरून, आवाजावरून बोलावे. जातीवरून, आईबहिणीवरून, गावाच्या नावावरून कधीच नाही. एका माणसाला उद्देशून काढलेला शब्द गावाला लागला की सगळे गाव उठते, आणि मग मैदानात एकटा कोणी उरत नाही.

दुसरे साधन पाठ. लावणीत गिरकी घेऊन साजिंद्यांकडे वळणे ही अदाच आहे, त्यामुळे कुणाला अपमान वाटत नाही. त्या क्षणी नाचणारीने ढोलकीवाल्याकडे पाहायचे असते आणि त्याने तिच्या डोळ्यांत काय आहे ते वाचायचे असते. चांगला ढोलकीवाला तेवढ्यात लय चढवून गर्दीचे लक्ष स्वतःकडे ओढतो. एका तुकड्यावर शंभर शिट्ट्या आल्या की ती एक घाणेरडी आरोळी बुडते.

तिसरे साधन सर्वांत मोठे आणि फडात सर्वांत कमी वापरले जाणारे: ढोलकी थांबवणे. हात लागला, कोणी वर चढला, काही फेकले गेले, की ढोलकी थांबली पाहिजे. पुढची ओळ नाही, तोडा नाही, मुखडा नाही. हजारोंच्या मैदानात ढोलकी, हलगी आणि तुणतुणे एकदम गप्प झाले की जी शांतता पडते तिला लोक घाबरतात. आपले काहीतरी बिनसले हे मागच्या रांगेलाही कळते. मग प्रकाश गर्दीवर टाकावा. व्यवस्थापकाने माइकवर कमिटीच्या अध्यक्षांना मानाने वर बोलवावे आणि खेळ पुढे चालवायचा की नाही हे त्यांच्या तोंडून गावाला विचारावे. बायकांनी तेवढ्यात कनातीमागे जावे. अशा वेळी बहुतेक गावे आपल्या माणसाला आपणच उचलून बाहेर नेतात. नेले नाही तर खेळ तिथेच संपतो, आणि उरलेल्या पैशावर पाणी सोडावे लागते.

गर्दीतही माणुसकी असते, हे विसरून फड चालत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची ती गोष्ट घराघरांत सांगितली जाते: खेळ चालू असताना कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ती बाईच्या जिगरीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि जिगर होतीच. पण तिचा शेवट असाही सांगतात की काय झाले ते उमगल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला. आत्याने ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा तिला बाळंतपणाचे नवल वाटे. अलीकडे एकच प्रश्न पडतो: तोवर फडातल्या कुणीच ढोलकी का थांबवली नाही?

आता उडीविषयी. रंगमंचाच्या फळ्या छातीइतक्या उंच असतात आणि तेवढीच कलावतीची हद्द असते. फळ्यांवर ती हजारांना दिसते. तिच्या अंगाला कोणी हात लावला तर हजार साक्षीदार असतात. खाली उतरली की ती फक्त भोवतीच्या वीस जणांना दिसते, आणि ते वीस कोण हे तिला माहीत नसते. प्रकाश वर, अंधार खाली. पायात चाळ, नऊवारीचा काष्टा, घामाने ओले तळवे: धावता येत नाही, मागे वळून चढता येत नाही. त्या रात्री दोन झीलकरी जागे होते म्हणून ती वर आली. ते तुणतुण्यावर डोळे मिटून उभे असते, तर? पंधरा दिवस झाले, आत्याच्या मनात ती अजून खालीच आहे.

फळ्यांवरून खाली उतरू नये. एवढे एकच सांगायचे होते, आणि ते रागाने सांगायचे ठरले होते.

पण आत्याच्या हातून झालेली चूक याच्या अगदी उलट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय रागावण्याचा अधिकार मिळत नाही. बाभळीच्या माळावरची रात्र घरात सगळ्यांना अर्धीच ठाऊक आहे. आत्या चोवीस वर्षांची होती, गाणे तिच्या तोंडी होते. शेजारी नाचणारी पोर सतराची. नोट द्यायच्या निमित्ताने एक जण वर चढला आणि त्याने त्या पोरीचे मनगट धरले. पोरीने गाणाऱ्या बाईकडे पाहिले. आत्याने पाहिले, आणि दुसरे कडवे उचलले. सुपारीची अर्धी रक्कम सकाळी मिळायची होती. गाणे थांबले तर ती बुडेल, एवढाच हिशेब त्या क्षणी डोक्यात होता. पोर शिकवल्याप्रमाणे हसत राहिली. कडवे संपेपर्यंत मनगट त्याच्याच हातात होते. हंगाम संपला तशी ती फड सोडून गेली. जाताना पाया पडली, आणि आत्याला तिच्याशी एक शब्दही बोलता आला नाही. घरात सांगितले गेले ते एवढेच, की पोरीला धंदा झेपला नाही.

म्हणून भाचीच्या उडीबद्दल दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. ती चुकली; आणि मनगट धरलेल्या बाईसाठी जत्रेच्या त्या रात्री फडात कुणी हलले असेल तर तीच हलली. बातमी आणणाऱ्याने नीट विचारल्यावर सांगितले की कॉलर धरली ती स्वतःसाठी नव्हे, गवळणीतल्या धाकट्या मुलीसाठी. ढोलकी वाजतच होती. ढोलकीवाल्याने हात उचलला असता तर तिला पाय उचलावा लागला नसता. दोष आधी ढोलकीचा, मग व्यवस्थापकाचा, आणि उडीचा सर्वांत शेवटी.

व्यवस्थापकाशी बोलताना तिने काही गोष्टी सुपारीच्या कागदावर लिहून मागाव्यात: फळ्यांपुढे बांबूचे कठडे आणि मध्ये मोकळी जागा, पोलिस बंदोबस्ताचा अर्ज, कपडे बदलायच्या राहुटीला चारही बाजूंनी जाड कापड आणि बाहेर राखण, बक्षिसाची नोट हातात न देता सोंगाड्याकडे देण्याची रीत, आणि अंगचटीमुळे खेळ थांबला तरी पूर्ण रक्कम. हे मागणे उद्धटपणा नाही.

तक्रारीचे जुने दुखणे असे की फड सकाळी पुढच्या गावी निघून गेलेला असतो. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी वाटेतल्या कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. त्याला झीरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगाच्या हेतूने बळ वापरणाऱ्याला कलम ७४ प्रमाणे एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे, राहुटीत कपडे बदलताना चोरून चित्रण करणाऱ्याला कलम ७७ प्रमाणे पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची, आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी काढलेल्या शब्दाला व केलेल्या हावभावाला कलम ७९ प्रमाणे तीन वर्षांपर्यंतची. धाकट्या मुलीला घेऊन ठाण्यात जायचे असेल तर सोबत थोरले कोणीतरी असावे. आत्या मोकळीच आहे.

पायाची सूज उतरेपर्यंत चाळ बांधू नयेत. रात्री गरम पाण्यात मीठ घालून शेक घ्यावा, आणि जेवण टाळू नये. रागात जेवण टाळायची सवय घराण्याची आहे आणि ती चांगली नाही. पुढची सुपारी लागेल तेव्हा आत्या फडावर येणार आहे. तिची खुर्ची ढोलकीवाल्याच्या उजव्या हाताला, झीलकऱ्यांच्या मागे ठेवावी. तिथून धाकट्या मुलीचे मनगट दिसते, भाचीचे पाय दिसतात, आणि ढोलकीवर हात ठेवता येतो.