ए.सी.चा गॅस 'संपतो' म्हणजे काय?

आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कूलरवर भागते. पण जूनचा दमटपणा आला की कूलर हात टेकतो आणि घरचा जुना ए.सी. आठवतो. मेकॅनिक येतो, "गॅस संपला" म्हणतो, भरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग घरात चर्चा सुरू होते, रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा?

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, ही पहिली गोष्ट. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी आणि इव्हॅपोरेटर या बंद चक्रात तोच गॅस फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेऊन तो उकळतो आणि बाहेर ती सोडून पुन्हा द्रव होतो. म्हणजे गॅस कमी झाला तर कुठेतरी लीक आहेच. ते न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे!

दुसरी गोष्ट, गॅस कोणता ते मशीनच्या प्लेटवर वाचा.

आर-२२ : जुन्या मशीनमधला. ओझोनला घातक. मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवीन ए.सी.त तो वापरता येत नाही. रिपेअरसाठी मिळतो, पण पुरवठा घटतच जाणार.

आर-४१०ए : ओझोनला धोका नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट. प्रेशर आर-२२ पेक्षा सुमारे ६० टक्के जास्त.

आर-३२ : सध्याच्या बहुतेक नवीन मशीनमध्ये हाच. तापवण्याची क्षमता ६७५ पट, थोडा ज्वलनशील.

आर-२९० : म्हणजे प्रोपेन. पर्यावरणाला सर्वांत सौम्य, पण चांगलाच ज्वलनशील.

प्रत्येक मशीनचे प्रेशर, तेल आणि सुरक्षा तिच्या गॅसनुसार ठरलेली असते. म्हणून आर-२२ च्या मशीनमध्ये "हा स्वस्त पडेल" म्हणून दुसरा गॅस भरू देऊ नका. ज्वलनशील गॅस तर मुळीच नाही. बंद खोलीत आजी-आजोबा झोपलेले असतात.

आता निर्णय. कूलिंग कमी झाले तर आधी फिल्टर, धुळीने भरलेला कंडेन्सर आणि कपॅसिटर तपासा. लीक पाइपच्या जॉइंटवर असेल आणि कॉम्प्रेसर ठीक असेल, तर आर-२२ चे मशीनही रिपेअर करणे परवडते. पण त्याची कॉइल जागोजागी सडली असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर पैसे नवीन मशीनमध्ये घाला. आर-३२ चे मशीन असेल तर आधी वॉरंटी कार्ड शोधा.

मेकॅनिकला तीन प्रश्न जरूर विचारा. लीक कुठे सापडले? व्हॅक्यूम पंप लावणार का? गॅस वजन करून भरणार का? तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली, तरच पाकिटाला हात घाला.